नावं ठेवण्यापुरतं इंग्रजी

माझ्या मैत्रिणीच्या हाती आता थोडेच महिने उरलेत, हे डॉक्टर फोनवर सांगत होते तेव्हा मी तिच्याच शेजारी बसून चिवडा खात होते; आणि त्यांचं सांगून झाल्यावर मी त्यावर इंग्रजीत एक शेरा मारला आणि स्वतःच हसले. हे आधीच सांगून टाकते. पुढचं वाचताना कुणाला माझ्याविषयी उगाच आदर वाटायला नको. फोन स्पीकरवर होता, कारण शकुनला अलीकडे कमी ऐकू यायचं. दवाखाना नागपूरचा, पण डॉक्टर दक्षिणेकडचे, मराठी-हिंदीत अडखळणारे, त्यामुळे सगळं बोलणं इंग्रजीत. शकुनचा मुलगा मिलिंद मध्ये मध्ये ‘येस सर, येस सर’ करत होता. मला त्यातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. त्या आठवड्यात त्यांच्या गोंदियाजवळच्या कुडव्याच्या घरातला इन्व्हर्टर बिघडलेला होता, तेव्हा मी आपली समजूत करून घेतली की कंपनीवाला बोलतोय. ‘पॅलिएटिव्ह’ असा एक शब्द परत परत येत होता, तोही मला बॅटरीच्या एखाद्या मॉडेलचाच वाटला. बोलणं थांबलं. खोलीत कुणीच काही बोलेना. आणि अशी शांतता मला कधीच सोसत नाही... मी तोंडातला चिवडा गिळला आणि मोठ्यानं म्हणाले, ‘‘नथिंग टू राइट होम अबाउट.’’ म्हणजे, घरी पत्र लिहून कळवावं असं यात काही नाही. थोडक्यात, माल सुमार आहे. फोनमधून डॉक्टरांचा ‘सॉरी?’ असा आवाज आला. शकुन पुढे वाकली आणि त्यांना म्हणाली, ‘‘दॅट इज माय फ्रेंड, डॉक्टर. शी इज राइट.’’ मग ती हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मिलिंद उठून बाहेर गेला. मला वाटलं, नवा इन्व्हर्टर घ्यावा लागणार म्हणून पोराचं तोंड उतरलंय.

शकुन गेली त्याला आता काही आठवडे झालेत. फोन तिच्या सुनेनं, प्रज्ञानं केला होता. दुपारची वेळ, मी जवसाची चटणी करत होते, हात तिखटाचे, म्हणून फोन मनगटानंच कानाशी दाबून धरला. ‘‘मावशी, आई गेल्या,’’ ती म्हणाली. मी विचारलं, ‘‘कुठं?’’ खरंच विचारलं. त्या रविवारी आमगावला एक लग्न होतं, तिथं आम्ही दोघींनी जायचं असं मीच ठरवून टाकलं होतं, आणि मला वाटलं की बाई एकटीच निघाली. पलीकडे प्रज्ञाच्या मागे कुणीतरी खुर्च्या ओढत होतं. त्या खुर्च्यांच्या आवाजानं मला कळलं. मी फोन ठेवला आणि चटणी पुरी केली. बरणीत भरली, झाकण लावलं, ओटा पुसला. मग हात धुवायचे राहिले आणि मी ते डोळ्यांना लावले. घरच्यांना वाटलं मी शकुनसाठी रडतेय. तसं रडू आलंच नव्हतं. नुसती आग होत होती.

आमची ओळख देवरीच्या शाळेतली. ती इंग्रजी शिकवायची, मी शिवणकाम. त्या काळातली मी म्हणजे एक पाहण्यासारखं ध्यान होतं. उंच अंबाडा, त्यावर जाळी, ब्लाउजच्या बाह्यांना माझ्याच हातची झालर, आणि आपल्यासारखा टाका आख्ख्या पंचक्रोशीत कुणाला जमत नाही याची खात्री. मुलींनी केलेलं काम मी दोन बोटांत धरून अशी उचलायची, जणू त्याला वास येतोय. एकदा स्टाफरूममध्ये एका मुलीनं शिवलेला परकर मी तसाच उचलला. शिलाई वाकडी, दुमड सुटलेली. आमच्या माहेरी काही बिघडलं की एका जातीचं नाव घेऊन ‘त्यांच्यासारखं झालं’ म्हणायची रीत होती, आणि त्यात काही वावगं आहे हे कुणाच्या ध्यानीमनीही नसे. मी ते वाक्य जसंच्या तसं बोलले. शकुनला शाळेत लागून फार दिवस झाले नव्हते. बाकीचे एकदम गप्प झाले, कारण ती कुठल्या घरची हे माझ्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं. तिनं वह्यांवरून मान वर केली. ‘‘बाई,’’ ती म्हणाली, ‘‘याच्यासाठी इंग्रजीत एक चांगलं वाक्य आहे. देऊ का?’’ मी म्हटलं, द्या की. ‘‘लीव्ह्ज मच टू बी डिझायर्ड. म्हणजे, अजून बरंच काही व्हायला पाहिजे होतं.’’ फळ्यावर लिहावं तसं तिनं ते सावकाश सांगितलं. मी घरी जाऊन आरशासमोर घोकलं, आणि दुसऱ्या दिवसापासून परकर, झबली, उशांचे अभ्रे, जे समोर येईल त्याला तेच. मुली मला पाठीमागे ‘डिझायरबाई’ म्हणू लागल्या. मला ती पदवी वाटली.

बाहेरच्या वाचकांना आमच्या भागाची एक अडचण सांगायला हवी. इथं कुठल्याही भाषेत कुणाला नावं ठेवायची सोय नाही. मराठीत बोला, सगळ्यांना कळतं. हिंदी तर गोंदियाच्या बाजाराचीच भाषा. माझ्या सासरी पोवारी, भांडी घासायला येणारी छत्तीसगढी बोलायची, आणि वर्गातल्या कितीतरी मुली घरी गोंडी बोलणाऱ्या. ओठ हलले की अर्थ पोचला. तेव्हा इंग्रजी हाच काय तो आडोसा होता, आणि त्या आडोशाची किल्ली शकुनकडे होती. ती मला एकेक वाक्य द्यायची, आणि मी ते वापरून वापरून झिजवलं की दुसरं. सोनेरी अक्षरांची, गणपतीच्या जागी नवऱ्या मुलाचाच फोटो छापलेली लग्नपत्रिका आली की ‘नॉट वर्थ द पेपर इट इज प्रिंटेड ऑन’, छापल्या कागदाच्याही मोलाची नाही. पुढाऱ्याचं भाषण लांबलं की ‘फॉर द बर्ड्स’, पाखरांपुढे टाकायच्या लायकीचं. गावोगावी गाडी फिरवून जाहिरात केलेलं नाटक पहिल्याच अंकात बसलं की ‘डॅम्प स्क्विब’, सादळलेला फटाका. आणि न आवडणाऱ्या कुठल्याही गोष्टीला, पाहुण्यांसमोर, गोड तोंडानं, ‘नॉट माय कप ऑफ टी’, हा काही माझा चहा नव्हे. हे शेवटचं मी एकदा खरोखरच्या चहालाही म्हटलं होतं. शकुनचा एकच नियम होता. वस्तूला बोलायचं, माणसाला नाही. ‘‘भाजीले बोल,’’ ती म्हणायची, ‘‘भाजीवालीले नको बोलू.’’

शाळेच्या दिवसांत एकदा आमगावला एका ठेकेदाराच्या मुलीचं लग्न होतं. पंगतीत बसलो. वांग्याची भाजी, वरण, बुंदी आणि कढी पत्रावळीवर एकमेकांच्या हद्दीत शिरत होती. मला नुकतंच नवं वाक्य मिळालेलं, आणि नवं वाक्य मिळालं की मला ते पोटात राहत नसे. मी शकुनकडे वळून म्हणाले, ‘‘अ डॉग्ज ब्रेकफास्ट.’’ कुत्र्याची न्याहारी, म्हणजे सगळा कालवलेला गोंधळ. आवाज जरा चढला असावा. ठेकेदार मागेच उभे होते. ‘‘मॅडम, क्या बोला आपने?’’ त्यांनी वाकून विचारलं. आता गप्प बसावं की नाही? पण तेव्हाची मी. अंबाडा सावरून मी ते पुन्हा म्हटलं, अधिक स्पष्ट. ठेकेदारांचा चेहरा उजळला. त्यांच्या मांडवात कुणीतरी इंग्रजी बोललं होतं. ‘‘अरे इकडं आना बुंदी, मॅडमले वाढा,’’ त्यांनी हाक मारली, आणि माझ्या पत्रावळीवर बुंदीचा ढीग झाला, त्यावर कढी, कढीवर पुन्हा बुंदी. शकुननं पदर तोंडात कोंबला होता. हसणं आवरल्यावर ती हळूच म्हणाली, ‘‘खाय आता. काही ठेवशील तं पाह्य.’’ आणि मी उठेपर्यंत ती माझ्यासाठी पंगतीत बसून राहिली.

परतीच्या बसमध्ये मी तिला विचारलं, ‘‘काऊन वो शकुन, तू तं एवढी मऊ बोलतेस. मग इंग्रजीतून हे नावं ठेवायचंच काऊन गोळा केलं?’’ ती खिडकीबाहेर पाहत होती. मग म्हणाली, ‘‘आपल्या बोलीत एखादी गोष्ट वाईट म्हणाची असली का लोक कोणाचं ना कोणाचं नाव घेतात. कोणाच्या घरचं, कोणाच्या जातीचं. लहानपणी आमचं नाव मी किती गोष्टींसाठी आयकलं, तुले सांगता येत नाही. सडलेल्या आंब्यापासून फाटलेल्या चपलेपर्यंत. कॉलेजात हे इंग्रजी भेटलं. याच्यात पाह्य, कप आहे, कुत्रा आहे, पाखरं आहेत. त्या कपाले काही वाटत नाही, मालू.’’ मला परकर आठवला. इतकी वर्षं आठवला नव्हता. मी म्हटलं, ‘‘त्या दिवशी स्टाफरूममध्ये मी...’’ ‘‘हो. त्या दिवशी तू,’’ ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तोच फळ्यावर लिहिण्याचा सावकाशपणा होता. ‘‘मी मनात म्हटलं, हिच्या तोंडातून तो शब्द काढाचा तं त्या जागी काहीतरी ठेवा लागंल. नाही तं ही तोच शब्द परत आणून ठेवते.’’ थोड्या वेळानं तिनं आणखी एक सांगितलं. ‘‘इंग्रजीतही लोकांची नावं घेऊन बोलतात. ते मी तुले शिकवलं नाही. शिकवणारही नाही.’’ बस आमच्या थांब्यावर येईपर्यंत मी एक शब्द बोलले नाही, आणि मला ओळखणाऱ्यांना विचारा, हे किती वेळा घडलं असेल.

तर माझं इंग्रजी हे असं, तिच्या हातानं निवडून, पाखडून दिलेलं. त्यात निंदेखेरीज काही नाही. माझी नात म्हणते, ‘‘आजी, तुला इंग्रजीत पाणी मागता येत नाही, पण पाण्याला नावं ठेवता येतात.’’ खरं आहे. औषधाच्या बाटलीवरचं मला वाचता येत नाही. आजार, तपासणी, मुदत, यातलं काही शकुननं मला दिलं नव्हतं आणि मी मागितलंही नव्हतं. निवृत्तीनंतर ती मुलाकडे कुडव्याला राहायला आली, मी जवळच गोंदियात. दर आठवड्याला मी ई-रिक्षानं तिच्याकडे जायची. अलीकडे ती लग्नाला यायची बंद झाली होती. ‘‘आता पंगतीत बसवत नाही,’’ म्हणायची. मला त्यात विशेष वाटलं नाही, मलाही गुडघे आहेतच. मी एकटीच जेवून यायची आणि तिला सगळी पंगत तोंडी वाढायची. नवरीच्या मेकअपचं काय झालं, डीजेनं कुणाच्या छातीत धडकी भरवली, पनीर किती रबरी होतं. ती डोळे मिटून ऐकायची आणि प्रत्येक गोष्टीवर एक वाक्य द्यायची, कधी जुनं, कधी नवं. नवं मिळालं की मी लहान पोरीसारखी खूश.

तिच्या साड्या अंगावर लोंबायला लागल्या होत्या. मला दिसत नव्हतं असं नाही, मला दिसलं आणि मी त्याला नावं ठेवली. एकदा ती गाऊन घालून, डोक्याला रुमाल बांधून बसली होती, तर मी दारातूनच म्हटलं, ‘‘सीन बेटर डेज.’’ याचे चांगले दिवस होऊन गेले. तिनं गाऊनची बाही उचलून पाहिली, जणू माझं म्हणणं तपासून घेतेय, आणि मान डोलावली. प्रज्ञा तिला भाताची पेज भरवत होती, तर मी वाटीत डोकावून म्हटलं, ‘‘लीव्ह्ज मच टू बी डिझायर्ड.’’ प्रज्ञाचा हात थांबला. शकुन हसली, आणि हसता हसता तिला ठसका लागला, आणि मी तिच्या पाठीवर थापट्या मारत बसले. पाठीत नुसती हाडं होती. मी त्या हाडांना हात लावला आहे. माझे हात आयुष्यभर कापड चाचपून त्याचा पोत सांगत आले, आणि तेच हात तिच्या पाठीवरून फिरले आणि त्यांनी मला काहीही सांगितलं नाही... हे मला अजून पटत नाही. रोज सकाळी उठते आणि नव्यानं धक्का बसतो.

तिच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम कुडव्यातच, घरासमोर मांडव घालून झाला. पांढरे कपडे, तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोंपुढे मेणबत्त्या, त्यांच्याजवळ शकुनचा फोटो. त्रिशरण-पंचशील झालं आणि मग लोक एकेक करून बोलायला उठले. पहिल्या दोन-तीन भाषणांत तिच्याबद्दल असं काहीही नव्हतं जे दुसऱ्या कुठल्या बाईबद्दल बोलता आलं नसतं. मी सवयीनं डावीकडे वळले. ती नेहमी माझ्या डावीकडे बसायची, म्हणजे तिचा चांगला कान माझ्याकडे येई. तिथं कुणीतरी अनोळखी बाई होत्या. त्यांनी सांत्वन म्हणून माझ्या हातावर हात ठेवला.

मग शकुनचा धाकटा भाऊ उठला. त्यानं कागद आणला नव्हता. तो म्हणाला, आमच्या ताईला सगळं माहीत होतं. दिवाळीच्या आधीच माहीत होतं. नागपूरच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं तेव्हा मिलिंदनं तो फोन ताईला ऐकू यावा म्हणून मोठ्या आवाजात ठेवला होता, आणि आता उपचार फक्त वेदना कमी करायचे, बरं व्हायचे नाहीत, हे ताईनं स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि ती डगमगली नाही. उलट हसली. एवढा धीर फार थोड्यांना असतो, असं तो म्हणाला, आणि मांडवात लोकांनी डोळे पुसले.

मी पुसले नाहीत. माझ्या जिभेवर चिवड्याचं मीठ आलं. अगदी खरं मीठ, तिखटासकट. खोली आठवली, ती शांतता आठवली, मिलिंदचं उठून जाणं आठवलं. ‘पॅलिएटिव्ह’ हा शब्द कानात आला आणि आता तो बॅटरीचा राहिला नव्हता. पुढचं भाषण कुणाचं झालं मला माहीत नाही. एवढंच कळत होतं की मांडवातल्या सगळ्यांना हे आधीपासून ठाऊक होतं. शेजाऱ्यांना, दूधवाल्याला, सगळ्यांना. मलाच तेवढं नाही. आधी राग आला, खोटं कशाला बोलू. इतक्या वर्षांची मैत्रीण मी, आणि मला परकी ठेवलं. पण रागाच्या खाली दुसरं काहीतरी होतं आणि ते जास्त वाईट होतं. ती हसली ते सगळ्यांनी धीर म्हणून घेतलं. कदाचित माझ्या वाक्यानं तिच्या काळजाला घरं पडली असतील आणि ते झाकायला ती हसली असेल. तसं असेल तर मला कळायला हवं होतं. आता विचारायला ती नव्हती.

लोक पांगले. प्रज्ञा मागच्या अंगणात खिरीचं पातेलं खरवडत होती. मी तिच्यासमोर स्टूल ओढून बसले. ‘‘त्या फोनच्या दिवशी,’’ मी म्हटलं, ‘‘मी निघून गेल्यावर काय झालं ते मला सांग. माझ्यासाठी गोड करून नको सांगू.’’

तिनं पातेलं खाली ठेवलं. ‘‘मिलिंद लय चिडले होते, मावशी. म्हणे, मावशीले आत्ताच फोन लावतो, काय बोलून गेल्या ते त्याहिले कळाले पाह्यजे. नंबरही काढला होता.’’

‘‘मग लावला काऊन नाही?’’

‘‘आईनं हातातून फोन काढून घेतला.’’

‘‘रडत होती का?’’

‘‘कायले रडतील? त्या दिवशी त्याहिनं मले जेवाले मागितलं. भाकर मागितली, पेज नको म्हणे.’’

‘‘आणि मिलिंदला काय म्हणाली? तिचेच शब्द सांग, तुझे नको.’’

प्रज्ञानं ओले हात पदराला पुसले, जरा वेळ आठवलं, आणि सासूच्या त्या सावकाश आवाजात सांगितलं.

‘‘म्हणाल्या, ‘मालूले सांगू नका रे. सांगितलं तं ती शहाणी होऊन जाईल, आन् शहाणी माणसं तं मले आता रोजच भेटाले येणार आहेत.’’’